भ्यालेल्या कुत्र्याचा सांभाळ

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे सावंगी (मेघे) हे गाव, १९९० साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याच्या जोडीला आचार्य विनोबा भावे यांच्या नावाचे रुग्णालय विस्तारत गेले तेव्हापासून, परक्या माणसांच्या अखंड वर्दळीचे गाव झाले आहे. रोग्यांचे नातेवाईक डबे आणि सतरंज्या घेऊन उतरतात, भाड्याच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थी रात्री-अपरात्री परततात, पार्सल पोचवणारी मुले फाटकाशी हॉर्न वाजवतात, आणि रुग्णवाहिकांचा आवाज तर वेळी-अवेळी कानावर येतच असतो. माणसाला या सर्वांची सवय होते. परंतु ज्या कुत्र्याच्या मनात परक्या माणसाचे भय खोल रुजले आहे, त्याच्या वाट्याला अशा गावात घटकाभराचीही स्वस्थता येत नाही. असा एक कुत्रा आमच्या घरी आहे. त्याच्या सहवासात जे शिकावयास मिळाले ते, आणि आमच्याकडे येण्यापूर्वी त्याच्यावर जो अघोरी उपाय झाला होता त्याचे परिणाम, असाच कुत्रा सांभाळणाऱ्यांच्या उपयोगी पडावेत, एवढ्याच हेतूने ही हकीकत लिहीत आहे.

मोती हा गावठी कुत्रा. मातकट रंगाचा, सडपातळ अंगाचा, एक कान उभा आणि एक दुमडलेला. परिचयातील एका गृहस्थांची बदली झाली आणि नव्या ठिकाणी कुत्रा ठेवण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तो आमच्या स्वाधीन केला. निरोप घेताना त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले की, लहानपणी हा फार गुरगुरत असे, परंतु एका शिकवणाऱ्या माणसाकडून त्याचा बंदोबस्त करून घेतला असून आता तो कोणावर ब्र काढत नाही. बंदोबस्त कसला, तर गळ्यात आतून काटे असलेला पट्टा आणि प्रत्येक गुरगुरण्यासरशी एक जोराचा हिसका. हे ऐकताना आम्हांला वाईट वाटले, परंतु त्या गप्प बसण्यात काय दडले आहे याची कल्पना मात्र कोणालाच नव्हती.

ती आली माझा पुतण्या सुटीत घरी आला तेव्हा. मोती ओसरीत भिंतीला पाठ लावून बसला होता आणि मुलगा लाडाने त्याच्या डोक्यावर हात ठेवण्यासाठी वाकला. मी दारातूनच पाहत होतो. धापा टाकणारे मोतीचे तोंड एकाएकी मिटले. जिभेचे टोक नाकाला लागून आत गेले. मान किंचित वळली, पण नजर मात्र त्या हातावरच राहिली आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर दिसू लागली. सारे अंग ताठरले. हे सगळे दोन श्वासांच्या अवधीत झाले, आणि तोंडातून तिळमात्र आवाज न निघता दात मनगटात रुतले.

पुढे पशुवैद्यकांशी बोलताना आणि या विषयावरील ग्रंथ चाळताना जे उमगले ते असे. गुरगुरणे हा अपराध नव्हे. ती ताकीद आहे. कुत्रा गुरगुरतो तेव्हा तो सांगत असतो की, मला भय वाटते, तुम्ही थोडे दूर व्हा, म्हणजे मला दातांचा उपयोग करावा लागणार नाही. त्या ताकिदीबद्दल त्याला शिक्षा केली तर तो ताकीद देण्याचे सोडतो. भय सोडत नाही. फिर्यादीचे तोंड बांधल्याने ज्याप्रमाणे त्याची फिर्याद निकालात निघत नाही, त्याप्रमाणे पट्ट्याच्या हिसक्याने मोतीच्या मनातील धास्ती गेली नाही. उलट परका माणूस दिसला की गळ्याला वेदना होते, एवढा नवा संबंध त्याच्या मनात जुळला आणि ती दुणावली. म्हणून या लेखातील एकच गोष्ट ज्यांना लक्षात ठेवावयाची असेल त्यांनी ही ठेवावी की, गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधीही गप्प करू नये. त्याचे ऐकावे, त्याला तेथून दूर न्यावे, आणि तो कशास भ्याला याचा शांतपणे शोध घ्यावा.

चाव्याच्या उपचाराविषयी येथेच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे अजूनही जखमेत मिरची, हळद किंवा चुना भरणारी माणसे आहेत. तसे काही करू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पूर्ण 15 मिनिटे धुवावी, आणि घरचा कुत्रा असला, त्याला लस दिलेली असली, तरीही हयगय न करता दवाखाना गाठून डॉक्टर सांगतील त्या सर्व सुया ठरलेल्या दिवशीच घ्याव्यात. कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवावी. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. लस मात्र वेळेवर घेतली तर तो रोग निश्चित टळतो. आमच्या पुतण्याचे सर्व उपचार रीतसर झाले आणि तो बरा आहे.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला अर्थातच निराळा पडला. समोरचे काका स्वभावाने प्रेमळ, परंतु त्यांचेही म्हणणे हेच की, "भाऊ, याले दोन सोटे हाना, मंग पाहा कसं सुधरते." कुत्र्याला मालकाचा धाक हवा, कळपात जसा म्होरक्या तसे आपण व्हावे, ही समजूत आपल्याकडेच आहे असे नाही, ती जगभर पसरलेली आहे, आणि तिचा उगम बंदिस्त जागेत कोंडलेल्या, परस्परांना अपरिचित अशा लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. अमेरिकेतील डेव्हिड मीच (Mech) या संशोधकाच्या 1970 सालच्या ग्रंथाने ही कल्पना लोकप्रिय केली, आणि त्याच संशोधकाने 1999 साली, मोकळ्या रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, असे दाखवून म्होरकेपणाची ती भाषा स्वतःच मागे घेतली. ज्याने ती लोकप्रिय केली त्यानेच मागे घेतली, तरी सोटा काही अद्याप खाली ठेवला गेलेला नाही, याची मला फार खंत वाटते.

मग करावे काय? सर्वांआधी कुत्र्याचे शरीर तपासून घ्यावे. मोतीच्या दुमडलेल्या कानात आत जुना संसर्ग निघाला. डोक्याकडे येणारा हात म्हणजे त्याच्यापुरती वेदना होती. कानाचे दुखणे, दातांचे, सांध्यांचे, गोचिडांपासून येणारा ताप, यांपैकी काहीही असले तरी चिडखोरपणा वाढतो, आणि दुखणे तसेच ठेवून शिकवणीस आरंभ करणे हा त्या जिवावर अन्याय आहे. वर्ध्यात इलाज न झाल्यास आपल्याला नागपूर जवळ आहे. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून चालू आहे.

त्यानंतरचा सारा व्यवहार अंतराचा. प्रत्येक भित्र्या कुत्र्याचे एक अंतर असते. त्या अंतराच्या पलीकडे असलेला परका माणूस त्याला दिसतो, परंतु तो भान गमावत नाही, आपली हाक ऐकतो आणि हातातला घास खातो. त्याच्या अलीकडे तोच माणूस आला की घास तोंडातून गळून पडतो आणि भुंकणे सुरू होते. घास घेणे थांबले म्हणजे आपण फार जवळ आलो, ही खूण इतकी विश्वसनीय आहे की दुसरे कोणतेही परिमाण लागत नाही. आम्ही पहाटे उजाडण्याच्या सुमारास निघत असू, कारण आमच्या भागात उन्हाळ्यात नंतर डांबर इतके तापते की कुत्र्याचे पंजे भाजावेत. वसतिगृहाच्या रस्त्याला लागण्यापूर्वी एक मोकळे आवार आहे, त्याच्या टोकाला लिंबाचे झाड आहे, आणि तेथून पलीकडच्या फाटकावर काठी घेऊन बसलेला चौकीदार दिसतो. त्या झाडाखाली मी उभा राहावे, मोतीने चौकीदाराकडे पाहावे, आणि त्याने पाहताक्षणीच माझ्या हातातून उकडलेल्या कोंबडीचा बारीक तुकडा त्याला मिळावा. चौकीदार आत गेला की तुकडेही बंद. बस्स, एवढेच. क्रम मात्र काटेकोर पाळावयाचा: आधी माणूस दिसला पाहिजे, मग खाऊ. उलट केले, तर खिशात हात गेला की संकट येणार असा अर्थ कुत्रा लावतो आणि खाऊलाच भिऊ लागतो. रशियातील पावलॉव्हने घंटा आणि लाळ यांचा जो संबंध दाखवला तोच येथे भयाच्या जागी अपेक्षा बसवण्यासाठी उपयोगी पडतो. ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांनी पनीर वापरावे; परंतु रोजच्या भाकरीने हे काम होत नाही, खाऊ असा हवा की जो एरवी त्याला कधीच मिळत नाही.

फार दिवसांनी एका सकाळी मोतीने चौकीदाराकडे पाहिले आणि मी काही करण्यापूर्वीच मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिले. तो काय विचारतो आहे हे कळायला मला क्षणभरही वेळ लागला नाही. त्यानंतर आम्ही झाडापासून दोन पावले पुढे सरकलो. आणि ज्या दिवशी चौकीदाराच्या हाती छत्री होती त्या दिवशी निमूटपणे दहा पावले मागे आलो. या कामात मागे येण्याला पराजय समजू नये. दोरी ढिली असावी, आणि ती गळ्याच्या पट्ट्याला नव्हे, तर छातीवरून जाणाऱ्या, दुकानदार ज्याला हार्नेस म्हणतात, त्या पट्ट्याला बांधावी. कारण गळा आवळला गेला की काट्याच्या पट्ट्याची आठवण जागी होते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. भय हे साचत जाते. सकाळी मोकाट कुत्र्यांशी गाठ पडली, दुपारी सिलिंडरवाला येऊन गेला, संध्याकाळी लग्नाची वरात दारावरून गेली, तर रात्री अगदी ओळखीच्या माणसावरही कुत्रा धावून जातो, आणि लोक म्हणतात की काही कारण नसताना गेला. कारण सकाळपासूनचे होते. अशा दिवसानंतर एक-दोन दिवस फिरणे, पाहुणे, शिकवणी सर्व तहकूब करावे आणि त्याला जिन्याखालच्या त्याच्या जागेत, गोणपाटाचा पडदा लावून, हाडूक चघळत पडू द्यावे. त्या जागेत असताना त्याला कोणी हात लावावयाचा नाही, हा घरातील लहानथोर सर्वांवर हुकूम असावा.

सणांची तजवीज आधीपासून करावी लागते. दिवाळीचे फटाके सर्वांना ठाऊक आहेत. परंतु आमच्या विदर्भात त्याहून अवघड दिवस म्हणजे तान्हा पोळा. शिंगांना बेगड आणि गळ्यात घुंगरू बांधलेले लाकडी बैल ओढत मुले घोळक्याघोळक्याने दारोदार बोजारा मागत येतात. आणि भित्र्या कुत्र्याच्या दृष्टीने त्यात खडखडणारी चाके, ओरडा, धावपळ आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येणारी मुलांची तोंडे हे सारे एकाच वेळी असते. मुलांना परत पाठवणे मला कधीच पसंत पडले नाही. त्यांचा सण आहे. म्हणून त्या दिवशी सकाळीच मोतीला दूरवर फिरवून आणतो, मागच्या खोलीत पंखा आणि रेडिओ लावून त्याला ठेवतो, मधले दोन्ही दरवाजे लावतो, आणि मी स्वतः खुर्ची घेऊन फाटकाबाहेर बसून नाणी वाटतो. कोणत्याही बैलाला अंगणात येण्याचे कारण उरत नाही.

घराबाहेर पडताना मोतीच्या तोंडाला जाळीचे मुसके असते. कापडी मुसके वापरू नये. त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाही, आणि वर्ध्याच्या उन्हात धापा टाकता न येणे म्हणजे मरणच. जाळीत घास ठेवून त्याने आपण होऊन तोंड घालावे, इतक्या सावकाशीने त्याची सवय केली. मुसके पाहून लोक त्याला दुष्ट समजतात, तर समजोत; त्यामुळे ते दूर राहतात आणि त्यालाही तेच हवे असते. कायद्याच्या दृष्टीनेही मालकाला हे टाळता येत नाही. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे गुन्हा असून, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आमच्या शेजारच्या सेवाग्रामात पुढे ज्यांनी वास्तव्य केले त्या महात्माजींनी 1926 साली 'यंग इंडिया'त कुत्र्यांविषयी लिहिलेल्या लेखांमुळे मोठे वादळ उठले होते. त्यांतील सर्वच मते आज मान्य होतील असे नाही. परंतु कुत्र्याला तुकडा टाकणे म्हणजे दया नव्हे, त्याची जबाबदारी घेणारा धनी असला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे मला या कुत्र्याच्या सहवासात दिवसेंदिवस अधिक पटत गेले.

काही कुत्र्यांना औषध लागते. पशुवैद्यकाने सांगितल्यास ते द्यावे. त्यात कमीपणा नाही, आणि भयाची तीव्रता कमी झाल्याशिवाय शिकवणी डोक्यात शिरतच नाही अशी कित्येक जनावरे असतात. माणसांसाठी घरात असलेली गोळी मात्र आपल्या मनाने कधीही देऊ नये.

मोती आता पूर्वीप्रमाणे पुन्हा गुरगुरतो. तो आवाज प्रथम ऐकला त्या दिवशी घरात सर्वांना आनंद झाला, कारण त्याला आपले म्हणणे सांगण्याचा धीर आला होता. तो परक्यांकडून कुरवाळून घेईल असा कुत्रा कधी होणार नाही. स्कॉट आणि फुलर यांनी दीर्घ निरीक्षणानंतर 1965 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले की, पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या काळात ज्यांच्याशी सलगी होते त्यांच्याशी ती सहज जुळते, आणि तो काळ हुकला की पुढे सारे कष्टाने मिळवावे लागते. मोतीचा तो काळ एका भिंतीशी बांधलेल्या अवस्थेत गेला. ज्यांच्या घरी पिल्लू नुकतेच आले आहे त्यांनी ते आठवडे वाया घालवू नयेत.

आणि ज्यांच्या घरी कुत्रा नाही अशा वाचकांना एक विनंती आहे. पहाटे किंवा रात्री कोणी कुत्र्यासह रस्ता ओलांडून पलीकडे जात असेल, किंवा तोंडाला मुसके बांधलेल्या कुत्र्यासह झाडामागे थांबलेला दिसेल, तर त्याला हाक मारू नका, "मला काही करत नाही" म्हणून हात पुढे करू नका, कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. आपल्या वाटेने सरळ निघून जा.