बक्षीस की लाच?

जळगाव-धुळ्याकडील पालक आम्हांस विचारतात की, बौद्धिक दिव्यांग मुलास कामाबद्दल बक्षीस देणे ही लाच नव्हे काय? रडे थांबावे म्हणून दिलेला खाऊ ही लाच होय. पाटी जागेवर ठेवल्यावर दिलेला बिल्ला हे बक्षीस होय. आयलॉन व अॅझ्रिन यांनी मनोरुग्णालयातील अनुभवावरून ही बिल्ल्यांची रीत १९६८ साली ग्रंथरूपाने मांडली. पुढे ती विशेष शाळांतही आली. काम लहान असावे. बिल्ला तत्काळ द्यावा व कशाबद्दल तेही सांगावे. पाच बिल्ल्यांस एक केळे किंवा झोपाळ्यावर झोके मिळावेत. मिळविलेला बिल्ला रागाने हिरावू नये. मुलाचा विश्वास उडतो. सवय जडली की बिल्ले हळूहळू कमी करावेत. विद्यार्थ्यांनो, अशा भावंडास शाबासकी देण्यास मात्र तुम्ही कधीही चुकू नये.