प्रत्येक खुर्चीमागे एक माणूस
(हॉस्टेलचा बँड वर्षभर कसा टिकवावा?)

सुरुवातीलाच कबूल करतो की मी कॉन्व्हेंटवाला आहे. शाळेत मराठीचा एकच तास असायचा, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. तरी हा लेख मराठीतच लिहायचं ठरवलं. कारण बँडमधला सर्वात मोठा धडा मला माझ्या गावी, समुद्रपूरला, तिथल्याच बोलीत मिळाला.

आधी थोडी थिअरी. पूर्ण बिग बँडमध्ये साधारण १७ वादक असतात: ५ सॅक्सोफोन, ४ ट्रम्पेट, ४ ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम हे ४ जण. आपला हॉस्टेल बँड ११ जणांचा आहे: ३ ट्रम्पेट, २ क्लॅरोनेट, २ सॅक्सोफोन (एक आल्टो, एक टेनर), १ ट्रॉम्बोन, कीबोर्ड, बास गिटार आणि ड्रम. म्हणजे मोटारसायकलला ट्रकचं इंजिन नाही, पण गाडी धावते!

आता खरी अडचण. अमेरिकेत ड्यूक एलिंग्टनचा जगप्रसिद्ध बँड होता. त्यात हॅरी कार्नी नावाचा सॅक्सोफोनवादक १९२७ मध्ये आला आणि १९७४ मध्ये एलिंग्टन वारले तोपर्यंत राहिला. एका बँडमध्ये ४७ वर्षं! आपल्याकडे माणूस जास्तीत जास्त ४ वर्षं टिकतो. त्यातलं पहिलं वर्ष शिकण्यात जातं आणि शेवटचं प्रोजेक्ट व कॅम्पसमध्ये. उरतात दोन.

गेल्या मे महिन्यात आपल्या ११ पैकी ७ जण फायनल इयरचे होते. सेंड-ऑफला सगळे रडलो, फोटो काढले. जुलैमध्ये परत येऊन खोली उघडली तर वाद्यं जागेवर आणि माणसं गायब. सगळं नोटेशन एका सीनियरच्या लॅपटॉपमध्ये होतं आणि तो लॅपटॉप फॉरमॅट झालेला. फ्रेशर्सला बँड वाजलाच नाही. गॅदरिंगपर्यंत बँड उभा राहिला नाही तर खोली दुसऱ्या क्लबला द्यावी लागेल, असंही कानावर आलं.

पोळ्याच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आमच्याकडच्या बँडपार्टीतल्या एका काकांना हे रडगाणं ऐकवलं. ते लग्नात ट्रम्पेट वाजवतात. हसले आणि म्हणाले, "बाबू, बाजे त लय हायेत तुमच्याजवळ. पन वाजवनाऱ्याच्या मांगं कोन हाय? आमचा एखादा बिमार पडला त लगन थांबते काय? हरेक बाजावाल्याच्या मांगं एक पोट्टा चालते. झांज वाजवते, पानी आनून देते, अन् कान देते."

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की मोठ्या बँडचंही गमक हेच आहे. मुंबईत १९३० नंतर ताजमहाल हॉटेलसारख्या ठिकाणी जॅझ वाजू लागला. तो वाजवणाऱ्यांत गोव्याचे वादक पुष्कळ होते. गोव्यात चर्चच्या शाळांमधून लहान मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्यामुळे एक वादक मुंबईला गेला तरी मागे दुसरा तयार होत असे. मुंबईत येणाऱ्यांसाठी गावोगावच्या लोकांनी 'कूड' चालवले होते. कूड म्हणजे एका गावच्या लोकांचं स्वस्त हॉस्टेलच! नवा माणूस तिथे उतरायचा आणि जुन्यांच्या ओळखीने पुढे जायचा.

हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक 'चिक चॉकलेट', यांचा बँड त्या काळी मुंबईत गाजला. आपले सी. रामचंद्र (चितळकर) मूळ पुणतांब्याचे. त्यांनी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडेही गाणं शिकलं होतं. 'अलबेला' (१९५१) मध्ये हे दोघे एकत्र आले आणि त्या चित्रपटात चिक यांचा बँड पडद्यावरही दिसतो. सांगायचा मुद्दा असा की चाल एकाची असली, तरी ती कागदावर लिहिणारा आणि कागद बघून वाजवणारा तयार असल्याशिवाय इतका मोठा वाद्यवृंद चालत नाही.

यावरून आम्ही वर्षाचं टाइमटेबल बनवलं. पुढच्यांना उपयोगी पडावं म्हणून देतो.

१) जुलै-ऑगस्ट : भरती. वाद्य येत नसलं तरी चालतं, पण ताल हवा. टाळी वाजवून बघायची, बस्स. प्रत्येक खुर्चीमागे खालच्या वर्षाचा एक जण बसवायचा. त्याला आम्ही 'जोडीदार' म्हणतो. १५ ऑगस्टला दोनच सोप्या धून बसवायच्या.

२) सप्टेंबर-ऑक्टोबर : गटवार सराव. ट्रम्पेट वेगळे, सॅक्सोफोन-क्लॅरोनेट वेगळे, रविवारी सगळे एकत्र. वेळ संध्याकाळी ७ ते ८.३०, मेसच्या आधी. मेसनंतर वाजवलं की वॉर्डन सर येतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

३) हिवाळी परीक्षा : बँड बंद. फक्त रोज दहा मिनिटं लांब सूर धरायचा, नाहीतर ट्रम्पेटवाल्याचे ओठ महिन्याभरात ढिले पडतात. बॅकलॉग आला की घरचे आधी वाद्यच काढून घेतात, हे लक्षात ठेवा!

४) जानेवारी-फेब्रुवारी : २६ जानेवारी आणि गॅदरिंग. प्रत्येक कार्यक्रमात किमान एक धून जोडीदारांनीच वाजवायची.

५) मार्च : हँडओव्हर. फायनल इयरच्यांनी मागच्या खुर्चीवर बसायचं आणि जोडीदारांनी पुढे. नोटेशनची एक फाइल कागदावर खोलीत, एक प्रत होम डिपार्टमेंटला म्हणजे कुणाच्या तरी घरी, आणि एक पेन ड्राइव्हवर.

नव्या मुलांचा सर्वात मोठा घोटाळा नोटेशनमध्ये होतो, म्हणून तेही सांगतो. कीबोर्डवाला 'सी' वाजवतो तेव्हा पांढरी एक वाजते. ट्रम्पेट, क्लॅरोनेट आणि टेनर सॅक्सोफोनवाला कागदावरचा 'सी' वाजवतो तेव्हा काळी पाच ऐकू येते, आणि आल्टोवाल्याची काळी दोन! सगळ्यांना एकच कागद दिला तर वरातीतल्या दोन बँडपार्ट्या समोरासमोर आल्यासारखं वाटतं. उपाय सोपा आहे. कीबोर्डच्या 'सी'साठी ट्रम्पेट, क्लॅरोनेट, टेनरच्या कागदावर 'डी' लिहायचा आणि आल्टोच्या कागदावर 'ए'. ट्रॉम्बोनला काही बदल नाही. हा तक्ता आम्ही खोलीच्या दारावर चिकटवला आहे.

खर्चाचं म्हणाल तर दरमहा थोडी वर्गणी काढतो. त्यात रीड आणि व्हॉल्व्हचं तेल भागतं. वाजवून झाल्यावर वाद्यातलं पाणी काढून, पुसून ठेवणं हे जोडीदाराचं काम नाही, ज्याने वाजवलं त्याचं आहे. यावर आमची दोन भांडणं झाली आहेत.

आता गॅदरिंगचं. सात महिने तयारी केली आणि आदल्या दिवशी मला १०२ ताप. पहिला ट्रम्पेट मीच! डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. माझा जोडीदार सेकंड इयरचा, जुलैमध्ये त्याला ट्रम्पेट कुठून फुंकतात हेही माहीत नव्हतं. तो माझ्या खुर्चीवर बसला आणि मी शाल पांघरून शेवटच्या रांगेत. दुसऱ्या धूनमध्ये त्याचा वरचा एक सूर फाटला. माझ्या पोटात गोळा आला. पण शेजारच्या क्लॅरोनेटवाल्याने मान हलवली आणि गडी पुढच्या ओळीत बरोबर सावरला. टाळ्या पडल्या. खरं सांगू? आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, की माझ्यावाचून अडलं नाही. घरी फोनवर हे सांगितलं. ते काकांपर्यंत पोचलं. त्यांचा निरोप आला, "आता झाला तुमचा बँड."

पुढच्या वर्षी मी फायनलला असेन आणि त्यानंतर नसेन. खोली मात्र आपल्याकडेच राहिली आहे. जुलैमध्ये जे ज्युनियर येतील त्यांनी हा लेख वाचून वर्कशॉपमागच्या त्या खोलीत जरूर यावं. येताना वाद्य नको, फक्त कान घेऊन या. मागची खुर्ची रिकामी आहे.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)