पेल्यातील इतिहास

फिलिपाइन्सला जाणाऱ्या प्रवाशाने काय खावे-प्यावे, याची यादी करणे सोपे आहे. ‘बुको’ म्हणजे शहाळे, कलामान्सी या इवल्याशा लिंबाचे सरबत, आल्याचा गरम ‘सलाबात’, गिमारास बेटावरचा आंबा, दावावचा उग्र वासाचा डुरियन. परंतु ही यादी चाळताना ‘चिको’ आणि ‘तुबा’ या दोन शब्दांपाशी मी थांबलो.

चिको म्हणजे आपला चिकूच. हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को या बंदरांमध्ये स्पॅनिश गलबतांची ये-जा होती. स्पॅनिशांच्या या दळणवळणातूनच चिकू आणि कोको फिलिपाइन्सला पोहोचले. कोकोच्या वड्या उकळून, लाकडी रवीने घुसळून केलेले ‘त्सोकोलाते’ तेथील घरांत आजही पितात. उलट दिशेने आंबा गेला. मेक्सिकोत आंब्याच्या एका जातीला अद्यापही ‘मनिला’ म्हणतात. आपल्या घोलवडच्या चिकूनेही तेच परदेशी नाव धारण केले आहे.

तुबा म्हणजे माडी. माडावर चढून, न उमललेल्या फुलोऱ्याचे टोक कापून हा रस काढतात. गलबतांवरील अनेक फिलिपिनो खलाशी मेक्सिकोत उतरले, ते परतलेच नाहीत. किनाऱ्यावर राहून ते माडी काढू लागले, तिची दारूही गाळू लागले. १६१९ मध्ये सेबास्तियान दे पिनेदा या कप्तानाने स्पेनच्या राजाकडे तक्रार केली की, या दारूपायी स्पेनहून येणारे मद्य खपत नाही. या लोकांना मायदेशी परत पाठवावे. तरीही तुबा टिकली. मेक्सिकोच्या कोलिमा भागात ती आजही ‘तुबा’ याच नावाने विकली जाते.

या व्यापाराविषयी आपण वाचतो ते रेशीम आणि चांदी यांबद्दल. माडावर चढणारा खलाशी त्यात क्वचितच भेटतो. माझ्या घराण्यात कॉलेजात आलेला मी पहिलाच. आजोबांच्या हातचा लिहिलेला एक कागदही आमच्या घरी नाही. म्हणून मला वाटते, ज्यांना लिहिता आले नाही त्यांचा इतिहास शोधायचा, तर दप्तरांबरोबर बाजारातील फळांची नावेही वाचली पाहिजेत. फिलिपाइन्सला जाणाऱ्याने तुबा जरूर चाखावी. पण तिची ही हकीकत ठाऊक करून घेऊन.