सातबाऱ्यावरचा संत्रा : वरूड परिसरातील स्वस्त प्लॉटविषयी

अमरावती जिल्ह्यातील वरूड आणि मोर्शी हे तालुके नागपुरी संत्र्याचे आगर म्हणून ओळखले जातात. परंतु अनेक वर्षांच्या बेसुमार उपशामुळे येथील भूजल ‘अतिशोषित’ ठरले आहे, म्हणजे पावसाने जमिनीत जेवढे पाणी मुरते त्याहून अधिक उपसले जाते. बोअर शेकडो फूट खाली नेऊनही बाग तगेना, की रस्त्यालगतच्या मालकाला झाडे तोडून ले-आउट पाडणे परवडू लागते. वरूड शहराच्या कडेला आणि जरूड, बेनोडा, शेंदुरजनाघाट यांच्या वाटेवर मिळणारे स्वस्त प्लॉट पुष्कळदा अशा मोडलेल्या बागांवरचे असतात. त्यांचा भाव कमी असण्याचे कारण विक्रेत्याचे औदार्य नव्हे. अकृषक परवानगी, मंजूर नकाशा, रस्ते, नाली आणि पाणी यांवर करावयाचा खर्च त्याने केलेलाच नसतो, आणि तो पुढे खरेदीदाराच्या माथी येतो.

हा खर्च कायद्याच्या फटीतून टाळला जातो. 1947 चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे करून विकण्यास मनाई करतो, आणि ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनुसार अमरावतीसह बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 व बागायतीसाठी 10 गुंठे आहे. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट यात बसत नाही. म्हणून एकमेकांना न ओळखणारे सहा-सात खरेदीदार एकत्र करून 10 गुंठ्यांचे एकच विक्रीपत्र केले जाते, ज्यात प्रत्येकाला मिळतो तो केवळ अविभक्त हिस्सा, म्हणजे चतुःसीमा नसलेली भागीदारी. शिवाय विदर्भासाठीच्या 1958 च्या कुळवहिवाट कायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, ही गोष्ट बयाणा घेताना कोणीही सांगत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचा अनुभव नेमका याच प्रकारचा आहे, आणि ‘कागद पाहिले नाहीत’ हा नेहमीचा ठपका त्याला लागू पडत नाही. कागद मागितले होते आणि दाखवलेही गेले होते. बगिचा, मंदिर आणि तीस फुटांचे रस्ते आखलेला रंगीत नकाशा होता, त्यावर गोल शिक्काही होता. फक्त तो शिक्का नगर रचना कार्यालयाचा नसून खाजगी मोजणीदाराचा होता. रजिस्ट्री विनासायास झाली, कारण दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो, विक्रेत्याच्या मालकीची हमी देत नाही. खरा उलगडा झाला तो घरबांधणीच्या परवानगीसाठी पटवाऱ्याकडून सातबारा उतारा काढला तेव्हा. मालकांच्या रकान्यात अनोळखी नावांची रांग होती, प्लॉट क्रमांक कोठेच नव्हता, आणि खालच्या भागात, म्हणजे पिकांची नोंद असलेल्या गाव नमुना बारामध्ये, ‘संत्रा’ लिहिलेला होता. झाडे केव्हाच सरपणाला गेली होती. सरकारदरबारी मात्र बाग बहरात होती आणि त्या बागेत घर बांधण्याची परवानगी अर्थातच मिळणार नव्हती.

त्यानंतरचे विक्रेत्याचे वर्तन नोंदवण्याजोगे आहे. बयाण्याच्या आधी जो माणूस ‘काही भेव नाही’ म्हणत घरी चहाला येत असे, त्याने फोन उचलणे बंद केले, आणि अखेर गाठ पडली तेव्हा त्याचे उत्तर एवढेच होते : ‘रजिस्ट्री लावून देल्ली ना भाऊ, आता तुमचं तुम्ही पायजा.’ नकाशातील बगिच्याची जागा दरम्यान दुसऱ्या कोणाला विकली गेली होती. या उत्तरात लबाडी आहे, पण त्याहून अधिक निश्चिंती आहे, कारण दलालाची दलाली आणि शासनाचे मुद्रांक शुल्क सगळे वसूल झालेले असते. अडकून पडतो तो एकटा खरेदीदार. नियम मोडून झालेले व्यवहार नियमित करण्यासाठी 2017 मध्ये बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम ठरवण्यात आली आणि 2024 मध्ये ती 5 टक्क्यांवर आणली गेली. ही दया स्वागतार्ह असली, तरी नियमित झालेल्या प्लॉटपुढे नाली आणि रस्ता आपोआप उगवत नाही, आणि ज्याने तुकडे पाडले त्याच्या खिशातून त्यासाठी काहीच जात नाही.

खरेदीपूर्वी कागदपत्रे वकिलाकडून तपासून घ्यावीत आणि घाई करू नये, हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून उपयोगाची गोष्ट ही, की पैसे हातात असले तरी प्रथम राष्ट्रीयीकृत बँकेत गृहकर्जाची चौकशी करावी; बँकेने त्या ले-आउटला कर्ज नाकारले, तर कारण विचारून तेथेच थांबावे. नियोजन क्षेत्रात 500 चौरस मीटरहून मोठा ले-आउट आठाहून अधिक प्लॉट पाडून विकायचा असेल, तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तो क्रमांक जाहिरातीत नसेल तर विक्रेत्याच्या खुलाशात वेळ घालवू नये. नोंदणीकृत विक्रीपत्राशिवाय नुसत्या मुखत्यारपत्रावर होणाऱ्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे.

जागा उन्हाळ्यात पाहू नये. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने पलीकडच्या तीरावरील मोवाड उद्ध्वस्त केले, हे या भागाला माहीत आहे. तरीही नाल्याकाठचे प्लॉट एप्रिलच्या कोरड्या मातीत खुशाल विकले जातात. पूररेषा दोन असतात, निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि त्यांचा नकाशा पाटबंधारे खात्याकडे मागता येतो. शेजारच्या शेतकऱ्याला बोअर किती खोल गेला आणि मे महिन्यात पाणी किती वेळ टिकते, हेही विचारावे. त्याला खोटे बोलण्याचे कारण नसते.

ज्यांनी अद्याप बयाणा दिलेला नाही, त्यांनी विक्रेत्याकडून अकृषक आदेशाचा क्रमांक आणि दिनांक लिहून घ्यावा, तहसील कार्यालयात जाऊन तो स्वतः पडताळावा, आणि त्या वेळी दलालाला सोबत नेऊ नये.