केंद्रातून उठण्याआधी

2023 च्या खरिपात पीकविमा एक रुपयात झाला आणि मिरजगावच्या सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. आमच्या तात्यांनीही विमा भरला. मोबाइल घरी राहिलेला, म्हणून केंद्रचालकाने अर्जात स्वतःचाच नंबर टाकला. तो ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. पिकं उभी करपली. बांधाशेजारच्यांना भरपाई मिळाली, तात्यांच्या खात्यात काहीच आलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की गट नंबर चुकल्याने अर्ज दुरुस्तीसाठी परत आला होता आणि तो मेसेज चालकाच्या मोबाइलवर शेकडो मेसेजांत पडून राहिला. मुदत टळली ती टळलीच.

चालकाच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही सांगतो. सर्व्हर अडखळत होता, दारात गर्दी होती. शिवाय ही केंद्रं नसती तर साध्या दाखल्यासाठीही कर्जतच्या तहसील कचेरीच्या खेपा चुकल्या नसत्या. पण पीक आमचं गेलं आणि भरपाईही आमचीच गेली.

म्हणून अर्जात नंबर आपला किंवा घरातल्याच माणसाचा द्या. मोबाइल विसरला तर परत जाऊन आणा, रांग पुन्हा धरावी लागली तरी चालेल. अर्ज सबमिट होण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या. नाव, गट नंबर, क्षेत्र, खाते क्रमांक सातबारा आणि पासबुकाशी ताडून पाहा. वाचता येत नसेल तर शिकणारी नात, पुतण्या सोबत न्या. अर्ज क्रमांकाची छापील पावती हातात पडल्याशिवाय उठू नका.

फी आधी विचारा. त्या एक रुपयाच्या विम्यात केंद्राला दर अर्जामागे 40 रुपये कंपनीकडून मिळत होते, तरी शेतकऱ्यांकडून वरचे पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या. ती योजना 2025 मध्ये बंद झाली, पण हा प्रश्न प्रत्येक अर्जाला विचारायचाच.

अंगठ्याच्या बाबतीत तर फार सावध राहा. आधार जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे निघतात. मशीनवर बोट ठेवण्याआधी ते कशासाठी, हे प्रत्येक वेळी विचारा. आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे लॉकही करता येतात. खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच 1930 ला फोन लावा.

दाखला रखडला तर मात्र केंद्रचालकाशी भांडून उपयोग नाही, दाखला द्यायचा असतो सरकारी कार्यालयाने. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने त्याला मुदत घातली आहे. मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि तिथेही पावतीवरचा अर्ज क्रमांकच लागतो.