सैंधव मीठ आणि हृदय

प्रश्न : वय ४५. वडिलांना हृदयविकार होता, म्हणून घरात सैंधव सुरू केले. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. सैंधवही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी असला म्हणून रक्तदाब त्याला सूट देत नाही. शिवाय त्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते, हा तोटा वेगळाच. मुद्दा मिठाच्या जातीचा नसून मापाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. त्यात आमटी-भाजीबरोबर लोणच्याची फोड, भाजलेला पापड, संध्याकाळचे फरसाणही मोजायचे. मीठ बदलायचेच तर सोडियम कमी असलेल्या मिठाचा विचार करता येतो : चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार जणांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी आढळला. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू असतील, तर मात्र असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

‘अळणी कोण जेवणार?’ ही तक्रार रास्त आहे, पण मीठ हळूहळू कमी केले तर काही आठवड्यांत जीभ सरावते. लिंबू, कोकम, लसूण मदतीला आहेतच. वडिलांचा इतिहास पाहता रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल या महिन्यातच तपासून घ्या.