निवासी शाळेत प्रशिक्षणाची गरज कोणास?

निवासी शाळा म्हटली की समाजाच्या दृष्टीसमोर शिक्षक उभा राहतो. परंतु शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत विद्यार्थी ज्यांच्या हाती असतात, ते स्वयंपाकी, कामाठी व चौकीदार प्रशिक्षणाच्या यादीत क्वचितच आढळतात. उलट आम्हां शिक्षकांच्या वाट्यास आलेल्या प्रशिक्षणांपैकी कित्येकांची आम्हांस गरज नव्हती, हे प्रांजळपणे नमूद करतो.

केवळ निष्ठेने काम होत नाही, त्याचे शिक्षण घ्यावे लागते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले, ते उगीच नव्हे. मात्र कोणास काय शिकवावे, हे आधी ठरविले पाहिजे. काम जसे व्हावयास हवे आणि प्रत्यक्षात जसे होते, त्यांतील अंतर म्हणजे गरज. आणि ते अंतर कार्यालयात बसून दिसत नाही.

याचा वस्तुपाठ शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून प्रथम गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद घेतली, नवजात बालके कशाने दगावतात ते पाहिले आणि मग ३९ गावांत तेथल्याच स्त्रियांना नेमके तेवढे शिकविले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. त्याआधीच्या न्यूमोनियावरील कामातील एक गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. निरक्षर सुईणींना बालकाचे श्वास मोजताना मोठे आकडे मोजता येत ना. संस्थेने त्यांना आकडे शिकविण्याचा हट्ट धरला नाही. वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधन दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावा. उणीव ज्ञानाची की साधनाची, हा प्रश्न तेथे आधी विचारला गेला.

आमच्याकडे तो विचारला गेला नव्हता. पूर्वी आम्ही एका वसतिगृहात असताना पावसाळ्यातील एका रात्री जमिनीवर निजलेला एक लहान मुलगा पोट दुखते म्हणून गोंडीत रडू लागला. कामाठ्याने त्यास ओवा दिला. पहाटे मुलाच्या पापण्या मिटू लागल्या, तेव्हा धावपळ झाली. मण्यार चावली होती. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही. मुलगा वाचला. दुसऱ्या दिवशी कामाठ्याकडे खुलासा मागण्यात आला, आणि आम्ही गप्प राहिलो. त्यास लक्षण कळले नाही हे खरे. परंतु मुलाची भाषा त्यासच कळत होती. आम्हांस तीही कळली नसती.

त्यानंतर आम्ही रात्रपाळीची वही ठेविली. काय घडले, जवळ कोण होते, त्यास काय ठाऊक नव्हते किंवा हाताशी काय नव्हते, एवढेच त्यात लिहावयाचे. ज्यास लिहिता येत नसे, त्याचे आम्ही लिहून घेत असू. चौकीदाराच्या बहुतेक नोंदी टॉर्चच्या सेलविषयी निघाल्या. ते लगेच आणविले. स्वयंपाकीणबाईंनी विचारले, सिकलसेलच्या मुलास ताप आला तर कोणास उठवावे? याचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशीच नव्हते.

पुढल्या जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना बोलाविले. पुढच्या रांगेत कामाठी, स्वयंपाकीणबाई व चौकीदार बसले. आम्ही शिक्षक मागे. त्या दुपारी सर्वाधिक प्रश्न कामाठ्याने विचारले.